वर्णमाला तोंडपाठ, पण ‘बस’ वाचता येत नाही (मोठा शिशु, मराठी माध्यम)

खडूफळा

मोठ्या शिशुचा वर्ग, मराठी माध्यम, शाळा लालबाग-परळ पट्ट्यात. पटावर ३१ मुलं, एक शिक्षिका आणि एक मदतनीस ताई. निम्म्या घरांत मराठी बोलतात, बाकीच्यांत हिंदी किंवा भोजपुरी, दोन-तीन घरांत गुजराती. तक्त्यावरून क ते ज्ञ लहान शिशुत एकदा झालं, या जूनपासून पुन्हा घेतलं. आता ऑगस्ट लागला. तक्ता म्हणायला सांगितला की वर्ग एका दमात म्हणतो, पण वाचन सुरू होत नाही.

नेमकं काय होतं ते लिहिते. मधलंच ‘ट’ दाखवलं की बरीच मुलं ओठांत ‘क ख ग घ’ पासून सुरुवात करून ‘ट’ पर्यंत येतात. फळ्यावर ‘बस’ लिहिलं तर ‘बदक, ससा’ असं वाचतात. घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल रोजची. पुष्कळ मुलं ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतात. त्यात पालक विचारतात की शेजारच्या शाळेत बाराखडी लिहून घेतात, आमच्या मुलाची वही रिकामी का?

भाषेला दिवसाचे ४० मिनिटं मिळतात. ॲप वगैरे नको, वर्गात हाताने करता येईल असं सांगा. सुरुवात कुठून करू?

---

गिरणगाव

ताई, आधी भिंतीवरचा तक्ता उलटा करून ठेवा. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवरून लावलेला आहे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. भाषा समजून घ्यायला तो सुंदर आहे, वाचायला शिकायला नाही. क ख ग घ ङ या पाच अक्षरांत पाच वर्षांच्या मुलाला ओळखीचे शब्द जवळजवळ मिळतच नाहीत, म्हणून अक्षरं नुसती साठत जातात आणि उपयोगात येत नाहीत. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकातही अक्षरं या क्रमाने येत नाहीत.

चार-पाच अक्षरांचा गट घ्या आणि त्याच आठवड्यात त्यातून शब्द वाचायला द्या. गट पाडताना तीन गोष्टी बघा: लगेच शब्द तयार व्हावेत, आकाराने फसवणारी जोडी एका गटात नसावी आणि काना पहिल्या दिवसापासून असावा. काना सगळी अक्षरं संपल्यावर घेण्याची पद्धत आहे, तिथेच वर्ष वाया जातं. कान्याशिवाय ‘काका’, ‘मामा’, ‘बाबा’ हे शब्दसुद्धा मुलाला वाचता येत नाहीत.

पहिला गट: क म न र आणि काना. एवढ्यात काका, मामा, नाना, नाक, कान, मान, काम, मका, रान, नाका, कमान, करा हे शब्द होतात. ‘नाना, काम करा.’ हे पूर्ण वाक्य झालं.

दुसरा गट: ब स ल घ ट. बस, बसा, लाल, घर, घास, बाबा, मासा, बटाटा, मसाला, बघा. वाक्यं: ‘मामा, लाल बस बघा.’ ‘बाबा, मसाला टाका.’

तिसरा: प व त ज, सोबत ‘आ’ आणि दुसरी वेलांटी. पाव, पान, वाटी, पाटी, ताट, आजी, मामी, बाटली. ‘आजी, बस आली.’ इथे एक धोका आहे, ब आणि व. दुसऱ्या गटातला ब पक्का झाल्याशिवाय व बाहेर काढू नका.

चौथा: ळ ण द ड ग आणि दुसरा उकार. गाडी, डबा, लाडू, काकू, गूळ, बाळ, पाणी. आणि तुमच्या मुलांच्या रोजच्या रस्त्यावरची नावं: परळ, दादर, वडाळा, मालाड. या चारही नावांत जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, फक्त अक्षरं आणि काना. ‘पुढील स्टेशन दादर’ त्यांनी लोकलमध्ये शंभरदा ऐकलंय, त्यामुळे अर्ध वाचन कानानेच झालेलं असतं.

दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार आधी का घेतले? मराठीत शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहितात (‘आणि’सारखे मोजके शब्द सोडून). मुलांच्या तोंडातले आजी, वाटी, काकी, लाडू, चाकू सगळे असेच. शिवाय दुसरी वेलांटी अक्षराच्या उजवीकडे येते, म्हणजे वाचण्याच्या दिशेनेच. पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. डोळा एकीकडे, कान दुसरीकडे. म्हणून तिला शेवटून दुसरी ठेवा, तिच्यानंतर फक्त पहिला उकार.

तुमच्या मुलांनी आवाज आधी ऐकलेले आहेत, त्यामुळे पहिला गट एका आठवड्यात होईल. पुढच्यांना दोन ते अडीच आठवडे धरा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चौथा गट संपवणं जमतं. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा नवीन काही घेऊ नका, फक्त उजळणी. नंतर च ह य श, मग एक मात्रा आणि काना-मात्रा, मग ख, भ, ध, थ, फ, झ, छ, ठ, ढ सावकाश. ङ, ञ, ष, ऋ, क्ष, ज्ञ आणि जोडाक्षरं पहिलीसाठी सोडा. मुलाच्या स्वतःच्या नावात जोडाक्षर असेल तर ते नाव चित्रासारखं ओळखू दे, फोड करायला लावू नका.

---

काना_मात्रा

गटांची मांडणी पटली. पण ‘बस’चं ‘बदक, ससा’ होतं त्याचं कारण अक्षरक्रमात नाही, कार्डावरच्या चित्रात आहे. ‘ब बदकातला’ हे मुलाने ब या खुणेचं नावच धरलंय. चित्र असलेली कार्डं फक्त ओळखीच्या पहिल्या दोन दिवसांपुरती ठेवा. तिसऱ्या दिवशी चित्राशिवायचं कार्ड, आणि उत्तर एकच: ‘ब’. मूल ‘बदक’ म्हणालं तर चूक म्हणू नका, ‘हो, आणि या अक्षराचा आवाज?’ एवढंच विचारा.

आता अक्षरं जोडायची कशी. वर्गातली निम्मी पोरं इथे अडकतात. ‘नाक’ घ्या. डाव्या हातात ‘ना’, उजव्या हातात ‘क’ (मुलांच्या बाजूने बघून डावं-उजवं ठरवा, हे हमखास उलटं होतं). दोन कार्डांत वीतभर अंतर. ‘ना’ वर उचला, वर्ग म्हणेल ‘ना’. ‘क’ उचला, वर्ग म्हणेल ‘क’. कार्डं निम्म्या अंतरावर आणा, पुन्हा तेच, जरा लवकर. आता काही न बोलता दोन्ही कार्डं एकमेकांना चिकटवा आणि थांबा. तीन सेकंद तरी थांबा. शब्द त्यांच्या तोंडून आला पाहिजे. आपण ‘नाक!’ म्हणून टाकलं की ते आपलं वाचन झालं.

इथे सगळ्यात मोठी चूक आपल्या आवाजात असते. ‘घऽऽ, रऽऽ’ असं लांबवलं की मूल जोडून ‘घरा’ म्हणतं, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं, त्याने ऐकलं तेच जोडलं. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो. लिहितो ‘घर’, म्हणतो ‘घर्’. म्हणून अक्षर आखूड, तुटक म्हणा. चार अक्षरी शब्दांत मधला अही जातो: गडबड, सरबत, करवत. ते शब्द दोन तुकड्यांत द्या, गड-बड, सर-बत, आणि जानेवारीच्या आधी नको.

‘क ला काना का’ हा घोष वाचताना बंद. लिहिताना त्याचा उपयोग आहे, वाचताना तो अडथळा आहे. मूल ‘म ला काना मा, म ला काना मा’ म्हणत शेवटाला पोचतं तेव्हा शब्दाची सुरुवात विसरलेलं असतं. ‘मा’ हा एक आवाज, एका नजरेत. त्यासाठी बाराखडी आडवी (क का कि की) म्हणण्याऐवजी उभी करा: का मा ना रा, मग की मी नी री. आडवी बाराखडी पाठ होते, उभी वाचावी लागते.

न-ण आणि ल-ळ हा कानाचा प्रश्न आहे, अक्षराचा नाही. घरी हिंदी-भोजपुरी असेल तर ‘ळ’ मुलाने जूनपूर्वी फारसा ऐकलेलाच नसतो. अक्षर दाखवण्याआधी दोन आठवडे रोज पाच मिनिटं फक्त ऐकण्याचा खेळ: गाल-गाळ, माल-माळ, वेल-वेळ, खान-खाण. दोन शब्द म्हणा, सारखे असतील तर बसायचं, वेगळे असतील तर उभं राहायचं. शिक्षिकेने तोंडासमोर वही धरायची, नाहीतर मुलं ओठ बघून ओळखतात. ऐकू यायला लागलं की जीभ मागे वळवून ळ म्हणायचा. त्याआधी ‘पानी नाही, पाणी!’ असं दहा वेळा सुधारलं तर मूल बोलायचंच बंद होतं. आणि ‘पानी’ वाचणाऱ्याने शब्द ओळखलेला आहे. वाचनाच्या खात्यात ते बरोबर धरा.

च, ज, झ चे दोन उच्चार (चाक-चिमणी, जाळं-जीभ) समजावत बसू नका. इ-ई समोर आला की आवाज आपोआप तालूकडे जातो. मराठी बोलणारं मूल शब्द ओळखला की योग्य तोच म्हणतं. इतरांना दोन्ही आवाज ऐकवून ठेवा, इतकंच.

---

खडूफळा

मनापासून आभार, दोघांचेही. ‘घरा’ हे आमच्याकडे रोज होतं, कारण आज कळलं. दोन प्रश्न राहिले. ३१ मुलांत कोण वाचतंय आणि कोण शेजाऱ्याच्या मागून म्हणतंय हे कसं ओळखायचं? आणि कार्डं छापून घेतली तर ‘ल’ वेगळाच येतो, पुस्तकात वेगळा आहे. मुलं विचारतात, हा कुठला?

---

पाटीपेन्सिल

छापील ‘ल’चं आधी. संगणकात पुष्कळदा हिंदी वळणाचा ल आणि श येतो. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा, शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हेच धरलेत. मजकूर निवडून त्याची भाषा ‘मराठी’ केली की काही फॉन्टमध्ये आकार बदलतो. नाही बदलला तर सरळ मार्करने हाताने लिहा. ३१ मुलांना एक शिक्षिका पुरेशी कार्डं एका दुपारी लिहू शकते आणि अक्षराची जाडीही हवी तशी मिळते. कार्ड १२ बाय १५ सेंटिमीटर, अक्षर किमान ८ सेंटिमीटर उंच, म्हणजे मागच्या रांगेला दिसतं. ३०० जीएसएमची, म्हणजे चांगली जाड कार्डशीट क्रॉफर्ड मार्केटच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक मिळते. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकून कडेच्या मुलांना अक्षरच दिसत नाही.

काना, वेलांटी, उकार यांच्या वेगळ्या पट्ट्या कापा. काना ३ सेंटिमीटर रुंद, कार्डाच्या उंचीची. मुलाने स्वतः ‘म’च्या उजवीकडे पट्टी सरकवून ‘मा’ केला आणि काढून पुन्हा ‘म’ केला, हे दहादा हाताने झालं की काना डोक्यात बसतो.

घ-ध, भ-म, थ-य या जोड्यांत मुलांची नजर खालच्या गोलाकडे जाते, फरक वर आहे. ध, भ, थ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली आहे, तिथे गाठ आहे. म, घ, य यांची सलग. ती गाठ लाल खडूने गिरवून दाखवा. पण दोन्ही एकत्र शिकवू नका. पहिलं अक्षर शब्दांत न चुकता वाचायला लागल्यावर निदान सहा आठवड्यांनी दुसरं.

गिरवायला ताटलीत रवा, अर्ध्या सेंटिमीटरचा थर. मीठ नको, मुंबईत ऑक्टोबरपर्यंत ते ओलं होऊन गोळे धरतं. रवाही पावसाळ्यात दर आठवड्याला कोरडा भाजून घ्यावा लागतो. काचपेपरची अक्षरं करायची तर हार्डवेअरच्या दुकानात १२० नंबरचा मागा, त्याहून जाड बोट सोलतो. किंवा चिंचोके. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्या बिया, शिंपले, दगड यांतूनच बालशिक्षणाची साधनं उभी केली. खडूने फरशीवर मोठा ‘न’ काढा आणि त्यावर चिंचोके मांडू द्या. सुरुवात कुठून हे मात्र बघत राहा, मुलं शेपटीकडून मांडत येतात.

आता ३१ जणांचं. पूर्ण वर्गाने एकसुरात वाचणं म्हणजे आठजण वाचतात आणि तेवीसजण प्रतिध्वनी काढतात. ४० मिनिटं अशी तोडा. १० मिनिटं सगळे मिळून कानाचे खेळ आणि नवं अक्षर. मग २० मिनिटं तीन गट: एक तुमच्यासमोर कार्डांवर, एक मदतनीस ताईंबरोबर रवा-चिंचोके, एक चित्रपुस्तकं चाळत. एका दिवसात तिन्ही गट फिरवू नका, दर दिवशी एकच गट तुमच्यासमोर, म्हणजे आठवड्यात प्रत्येकजण दोनदा तरी येतं (शनिवार धरून). उरलेली १० मिनिटं तुम्ही गोष्ट वाचून दाखवायची, ओळीखाली बोट फिरवत. ही दहा मिनिटं कापायचा मोह होतो. कापू नका, शब्दांचा साठा तिथूनच येतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात. पातळी १ च्या घ्या, एका पानावर एखादंच वाक्य असतं.

तपासणी दर गटाअखेरीस, एकेकाला बाजूला घेऊन, मुलामागे दीड मिनिट. दहा शब्द, त्यांपैकी चार वर्गात कधीच न दाखवलेले पण त्याच अक्षरांचे. वर्गात ‘काम, कान, नाक’ झाले असतील तर इथे ‘रान, कमान’ द्या. ओळखीचे सहाही आले आणि नवे चारही चुकले तर मूल शब्दाचं रूप पाठ करतंय, जोडत नाहीये. त्याला पुन्हा वीतभर अंतरावरची दोन कार्डं. आठ किंवा जास्त बरोबर आले तर पुढचा गट. सहाच्या खाली असेल तर आधी तोंडी बघा, ‘न-र’ असं तुटक ऐकून त्याला ‘नर’ म्हणता येतं का? येत नसेल तर अक्षरं थांबवा आणि टाळ्यांवर शब्द तोडण्या-जोडण्याचे खेळ घ्या: ब-टा-टा, तीन टाळ्या. मग पहिली टाळी चोरायची, काय उरलं? ‘टाटा’.

---

शीव_ते_परळ

पाटीपेन्सिल यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत. आठच्या खाली म्हणून मूल मागच्या गटात अडकवू नका, निदान दिवाळीपर्यंत. शाळाप्रवेशाची ३१ डिसेंबरची वयाची अट बघा. जूनमध्ये मोठ्या शिशुतलं सर्वांत लहान मूल साडेचार वर्षांचं असतं आणि मोठं साडेपाचच्या आसपास. या वयात एक वर्ष म्हणजे फार. जानेवारीत जन्मलेल्या पोराकडून झालं ते डिसेंबरात जन्मलेल्याकडून आज होत नसेल तर ते मागे नाही, लहान आहे. हजेरीपटावर जन्ममहिना लिहून ठेवा आणि तपासणीचे आकडे त्याच्या शेजारी मांडून वाचा. नवं अक्षर त्याला सगळ्यांबरोबर दिसू दे, जोडण्याचा सराव मात्र जुन्या गटाचा. जानेवारीतही तोंडी जोडता येत नसेल, त्यातही मोठ्या वयाच्या मुलाला, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्यायला सांगा. पावसाळ्यात सर्दीने कान भरलेली मुलं ळ आणि ल एकच ऐकतात.

पालकांसाठी: रिकामी वही दाखवायचीच नाही, दर शुक्रवारी शब्दांची पट्टी घरी पाठवायची. त्या आठवड्यातले सहा शब्द आणि एक वाक्य, बोटभर उंच अक्षरांत. खाली एक ओळ: ‘मुलाला वाचू द्या, अडलं तर तीन सेकंद थांबा, मग सांगा. लिहून घेऊ नका.’ हिंदी घरांसाठी तीच ओळ हिंदीतही. त्यांना देवनागरी येते हा आपला मोठा फायदा आहे, इंग्रजी माध्यमाच्या वर्गाला तो मिळत नाही. फक्त ‘ळ’ त्यांना दारात एकदा म्हणून दाखवा. पट्टी सोमवारी परत येते, मूल ती वर्गात वाचून दाखवतं.

लिहिण्याबद्दल विचारलं तर सांगा की ऑक्टोबर २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात भाषेचे चार भाग दिलेत: तोंडी भाषा, शब्दओळख, वाचन, लेखन. लेखन आहेच, पण आधी पाटीवर, जाड खडूने, वाचता येणाऱ्या शब्दांचंच. अक्षरं आधी, शिरोरेषा शेवटी आणि अख्ख्या शब्दावर एकच. प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ मारायची सवय लागली की मूल ‘ब’ ‘स’ लिहितं, ‘बस’ लिहीत नाही. वही दिवाळीनंतर, मोठ्या चौकटींची, पानाला चारच शब्द.

आणि पट्टीवरचे शब्द तोंडातले ठेवा. मूल घरी ‘केळं’ म्हणतं, पुस्तकात ‘केळे’ असतं. पहिल्या सहा महिन्यांत असे शब्द टाळाच, नाहीतर बरोबर वाचलेल्या शब्दाला मूल स्वतःच चूक समजून पुन्हा मागे जातं.

---

खडूफळा

तक्ता आज काढला. सोमवारपासून क म न र आणि काना. कान्याच्या पट्ट्या कापून झाल्या, हजेरीपटात जन्ममहिने लिहितेय. नऊ मुलं ऑक्टोबर ते डिसेंबरची निघाली, आणि ‘मागे पडलेली’ म्हणून मी ज्यांची नावं काढली होती त्यातली सहा त्यांच्यातलीच आहेत. पहिल्या गटाच्या तपासणीनंतर इथेच आकडे टाकते.